आयोगापुढची वकिली आणि रोखलेली फी

तुमचं पत्र वाचलं. मुलगी कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे, दंगलग्रस्तांची बाजू चौकशी आयोगापुढे मांडणाऱ्या वकिलांकडे इंटर्नशिप केल्यापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणते. त्यावर तुम्ही तिला बजावलंत, न्यायाधीशाच्या परीक्षेचा क्लास लाव, नाहीतर पुढची फी भरणार नाही. मला काळजी वाटली ती याची. तिच्या गुणांवर पत्रात एक ओळ आहे आणि नातेवाईक काय म्हणतील यावर पानभर. फी अडवलीत तर आज ती क्लास लावेलही, पण उद्या खरी अडचण आली तर तुमच्याकडे येणार नाही. ती अट आजच मागे घ्या, आणि तसं तिला स्वतः सांगा.

परीक्षेचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५च्या निकालानंतर त्यासाठी आधी तीन वर्षांची वकिली लागते. म्हणजे कोर्टात तिला उभं राहावंच लागणार.

‘आयोग कुणाला शिक्षा देत नाही, मग तिथे वकील हवा कशाला?’ असं तुम्ही विचारता. शिक्षा देत नाही हे खरं, शिफारशीही सरकारवर बंधनकारक नसतात. पण कुणी काय केलं याची अधिकृत नोंद तिथे होते. १९५२च्या चौकशी आयोग कायद्यात ज्याच्या वर्तनाची चौकशी होते किंवा ज्याच्या प्रतिष्ठेला धक्का बसू शकतो, त्याला कलम ८ब आणि ८कनुसार बाजू मांडण्याचा, उलटतपासणीचा, वकील देण्याचा हक्क आहे. नुसती साक्ष द्यायला आलेल्या पीडिताला मात्र त्यासाठी आयोगाची परवानगी मागावी लागते. ठपका येऊ शकेल असा अधिकारी वकील घेऊन येतो आणि घर जळालेली बाई एकटी उभी राहते. तुमच्या मुलीला तिच्या शेजारी उभं राहायचंय. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

आता तिच्यासाठी. फक्त आयोगांवर पोट भरत नाही. आयोग कायमचे नसतात, आणि नेमलेलाही टिकेलच असं नाही. मुंबई दंगलींचा श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६मध्ये राज्य सरकारने गुंडाळला होता, मे महिन्यात तो पुन्हा सुरू झाला आणि अहवाल आला १९९८मध्ये. म्हणून पहिली काही वर्षं तिने सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करावी. उलटतपासणी तिथेच अंगात मुरते. पुढची इंटर्नशिपही तिने तिथेच मागावी.