एप्टेशिया खरडू नको

भाऊ, खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या दगडावरचं एप्टेशिया (भराभर पसरणारं, डंख मारणारं समुद्रफूल) चिमट्याने खरडू नको. तळव्याचा कण उरला तरी त्यातून नवं उगवतं. त्याऐवजी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात दह्याइतकं घट्ट कालव. पानाच्या डबीतला चुना नको, त्यात काय मिसळलंय कोण जाणे. हातमोजे, चष्मा घाल. पंप बंद करून सिरिंजने हे कालवण हळूच एप्टेशियाच्या तोंडावर सोड. आधी डिवचलंस तर ते भोकात शिरतं. 20 मिनिटांनी पंप चालू कर. एका दिवशी 3-4च, नाहीतर पाण्याचा पीएच चढून टाकीतले कोरल (प्रवाळ) आक्रसतात. पेपरमिंट जातीचे झिंगे लहान एप्टेशिया खातात, पण सगळेच झिंगे खातात असं नाही. मुंबईहून मागवायचे तर हिवाळ्यात. मे महिन्यात जळगावच्या उन्हात पार्सल जिवंत पोचणं अवघड. आणि माशांना खाऊ कमी टाक, उरलेल्यावरही एप्टेशिया पोसतं.