लेथ फुटावर मोजू नका

वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय : लाकूड कातायचा लेथ, म्हणजे लाकूड फिरतं ठेवून हत्यारानं गोल आकार द्यायचं मशीन. उत्तरं देणारे गृहस्थ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने) करत होते. आता निवृत्त आहेत, पण घरामागच्या शेडमध्ये लेथ चालूच आहे.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो, निवृत्ती जवळ आली आहे. मित्राच्या लेथवर लाकडी वाडगे, डबे, फुलदाण्या कातायचा नाद लागला. आता स्वतःचं मशीन घ्यायचंय, दीड लाखापर्यंत तयारी आहे. उद्यमनगरातले एकजण साडेचार फुटी वूड लेथ बनवून देतो म्हणतात : चार स्टेपची पुली, एक एचपी मोटर. दुसरीकडे परदेशी बनावटीचं १२ इंची मशीन बघितलं, व्हेरिएबल स्पीडचं, पण अगदीच आखूड आहे. लांब मशीन घेतलेलं बरं ना? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : साहेब, वाडगा किती फूट लांब असतो? आपल्याकडे लेथ फुटावर विकायची पद्धत लोखंडाच्या लेथवरनं आली. साडेचार फुटी, सहा फुटी, आठ फुटी म्हणजे नुसती बेडची, खालच्या सांगाड्याची, लांबी. त्यातलीही बरीच जागा हेडस्टॉक (लाकूड फिरवणारं डोकं) आणि टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) खातात. तुमच्या कामाला या लांबीचा उपयोग जवळजवळ शून्य. पाच इंच खोल वाडगा चकात (हेडस्टॉकवरच्या जबड्यांत) धरला की टेलस्टॉक मागं सारावाच लागतो आणि उरलेल्या बेडवर चहाचा कप ठेवता येतो, एवढंच.

तुम्ही विचारायचं ते सेंटर हाईट. स्पिंडलच्या, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या, मध्यापासून बेडपर्यंतची उंची ६ इंच असेल, तर जास्तीत जास्त १२ इंच व्यासाचं लाकूड फिरेल. याच दुप्पट मापाला बाहेरच्या कॅटलॉगमध्ये स्विंग म्हणतात. तुम्ही बघितलेलं '१२ इंची' ते हेच, त्याचा लांबीशी संबंध नाही. या घोळात पुष्कळांनी ६ इंच सेंटर हाईटचं मशीन '६ इंची' म्हणून नाकारलेलं मी बघितलंय. आणि टूल रेस्टचा (हत्यार टेकवायच्या आधाराचा) जो आडवा पाय बेडवर बसतो, त्याच्यावरून लाकूड जायचं असेल तर सेंटर हाईटमधून आणखी दीड-दोन इंच वजा करा.

आता स्पीड. मला विचाराल तर वूड लेथची खरी परवड इथंच असते, आणि विकणारा हे कधीच आपणहून बोलत नाही. आपल्याकडची साधी मोटर १४४० आरपीएमची. पुलीच्या सगळ्यात खालच्या टप्प्यावर एकास तीन मिळालं तरी स्पिंडल ४८० वर फिरतो. लाटण्याला, खुर्चीच्या पायाला ४८० म्हणजे काहीच नाही. पण १२ इंची आंब्याचा ओला ठोकळा, एका बाजूला साल, दुसरीकडे गाठ, वजनाचा तोल कुठल्या कुठे, तो पहिल्या झटक्यात ४८० वर गेला की मशीन शेडभर चालायला लागतं. तोल नसलेल्या लाकडाचा हिसका वेगाच्या वर्गानं वाढतो : वेग दुप्पट, हिसका चौपट. कातणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे. व्यास इंचात घ्या, त्याला आरपीएमनं गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवा. १२ इंचाला ५०० ते ७५० आले. पण हे ठोकळा गोल झाल्यावरचं. ओबडधोबड असताना २००-३०० वरनं सुरुवात. ७०० वर फिरणाऱ्या १२ इंची ठोकळ्याची कड ताशी ४० किलोमीटरनं तुमच्या नाकासमोरनं जात असते, हे ध्यानात ठेवलं की खालचा स्पीड का मागायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट वजन. आयुष्य फौंड्रीत गेलं म्हणून बिडाची (ओतीव लोखंडाची) बाजू घेतोय असं वाटेल, पण कारण आहे. राखाडी बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात आणि त्या कंप पिऊन टाकतात. चॅनेल वेल्डिंग करून केलेला हलका बेड वाजतो, आणि ते वाजणं वाडग्याच्या आतल्या अंगावर लाटा होऊन उमटतं. मग दिवसभर पॉलिशपेपर घासत बसा. अर्थात बीड म्हणजेच चांगलं असंही नाही. कॅनडाच्या वनवेचे लेथ जाड पोलादी नळीच्या बेडवर असतात आणि ते जगात नावाजलेले आहेत. ऑस्ट्रेलियाचा विकमार्क बिडाचा. दोघांत समान काय, तर लोखंड सढळ वापरलंय आणि सगळ्यात जास्त हेडस्टॉकमध्ये, जिथं भार येतो तिथं. तुम्ही बघितलेलं छोटं मशीन हलकं असणारच. त्याला जड स्टँड करून घ्या आणि स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूची पोती टाका. दिसायला वाईट, कामाला लई चांगलं.

मग घ्यायचं कुठलं? उद्यमनगरातल्या माणसाकडे परत जा आणि म्हणा, बेड तीन फुटांचा करा, सेंटर हाईट ८ इंच द्या, फुटाचे पैसे उंचीत घाला. स्पिंडलच्या दोन बेअरिंगमध्ये भरपूर अंतर ठेवा. स्पिंडल आरपार पोकळ हवा, म्हणजे सेंटर (लाकूड टोकाला धरणारी अणी) मागनं सळईनं ठोकून काढता येतो. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक दोन्हीकडे एमटी २ टेपर (सेंटर बसायच्या निमुळत्या भोकाचं ठरलेलं माप). स्पिंडलच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, १ इंच ८ टीपीआय (इंचाला ८) आटे किंवा एम ३३ बाय ३.५ (मिलिमीटरमधले), मनाचे आटे नकोत. लाकडाचे चार जबड्यांचे चक या दोन मापांत सर्रास मिळतात. आटे वेगळे पडले की ॲडाप्टर लावावा लागतो आणि प्रत्येक ॲडाप्टर लाकूड बेअरिंगपासून आणखी लांब नेतो. स्पीडसाठी ड्राइव्ह (व्हीएफडी, मोटरचा वेग कमीजास्त करणारा) बसवायला सांगा, त्याचं खाली लिहिलंय. हे सगळं कागदावर लिहून द्यायला तो तयार झाला, तर डोळे झाकून इथलंच घ्या. दहा वर्षांनी बेअरिंग गेलं तर सायकलवर जाऊन आणाल. 'सगळे असंच नेतात' असं म्हणाला, तर ते १२ इंची घ्या आणि वाडगे त्या मापात काता. मोटर २३० व्होल्ट ५० हर्ट्झची आहे का ते मात्र प्लेटवर वाचा. अमेरिकी बाजारासाठीची ११५ व्होल्टची मशिनं फिरत फिरत इकडं येतात.

पैसे देण्याआधी मशीन असं तपासा. हेडस्टॉकात टोकदार सेंटर लावा, टेलस्टॉकातही लावा, दोन्ही टोकं जवळ आणा. सुईच्या टोकाला सुई भिडल्यासारखी भिडली पाहिजेत. मग टेलस्टॉकचं क्विल (पुढंमागं सरकणारी नळी) पूर्ण बाहेर काढून पुन्हा बघा, कारण वाकडेपणा तिथं उघडा पडतो. स्पिंडलमध्ये लांब दांडा धरून वरखाली जोर द्या, बेअरिंग ढिलं असेल तर डायल गेज लावल्यावर काटा हलताना दिसेल. पट्टा काढून हातानं फिरवा, कुठं अडतं का बघा. टूल रेस्ट एका हातानं आवळा आणि दुसऱ्या हातानं त्याच्यावर रेटा. सरकला तर बाकी सगळं कितीही चकचकीत असो, घरी या. शेवटी मशीन चालू करून हेडस्टॉकवर रुपयाचं नाणं कडेवर उभं करा आणि स्पीड सावकाश वाढवा.

आणि दीड लाख सगळा मशीनला घालू नका. तिसरा हिस्सा तरी चक, गाऊज (पन्हाळी धारेचं हत्यार), ग्राइंडर, तोंडावरची ढाल यांना ठेवा. बोथट हत्यारानं महागडा लेथसुद्धा लाकूड कुरतडतोच. हत्यारं हायस्पीड स्टीलचीच घ्या. जुनी कानस घासून पटाशी करायची आपल्याकडं फार हौस आहे. कानस कडक पण ठिसूळ असते, लेथवर अडकली की काचेसारखी तुटते, आणि तुटलेला तुकडा कुठं जाईल याचा नेम नाही.

प्रश्न : आमच्या तालमीसाठी करेल (व्यायामाला फिरवायचे जड लाकडी मुदगल) कातायचे आहेत. बाभळीचे, अडीच फूट लांब, तळाला सात इंच जाड. गावात सुतार आहेत, पण एवढं जड कुणी धरत नाही. मोठ्या स्विंगचं मशीन लागेल का? — एक पैलवान, कागल

उत्तर : पैलवान, वरच्या बँकवाल्या साहेबांना जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं तुमच्यासाठी. तुम्हाला लांबीच हवी. दोन सेंटरमध्ये ३६ इंच मोकळे पाहिजेत, स्विंग १२ इंच पुरे. साडेसात इंच चौकोनी बाभळीचा असा ओंडका वीस-बावीस किलो भरतो, म्हणून टेलस्टॉक नाजूक असून चालणार नाही. फिरता सेंटर चांगल्या बेअरिंगचा घ्या.

ओंडक्याचे चार कोपरे आधी करवतीनं किंवा वाकसानं उडवून आठकोनी करा, म्हणजे मशीनवर निम्मी मारामारी वाचते. जाड तळ हेडस्टॉककडे, मूठ टेलस्टॉककडे. सुरुवात ३०० च्या आसपास. मूठ सगळ्यात शेवटी बारीक करायची. आधीच बारीक केली तर मधला भाग थरथरतो आणि मुठीवर चक्राकार रेघा पडतात. टूल रेस्ट दोन पायांचा, लांब करून घ्या, गोकुळ शिरगाव काय, शिरोली काय, कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल.

एक मात्र बजावतो. बाभूळ वाळलेली असली तरी मधे भेग असू शकते. ओंडका लावण्याआधी टोकाला पाणी लावून बघा, भेग असली तर पाणी आत ओढलं जाऊन काळी रेघ उठते. असा ओंडका चुलीत घाला. त्याचा करेल उद्या कुणाच्या तरी खांद्यावरून फिरणार आहे.

प्रश्न : घरी सिंगल फेज आहे. थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी लावून लेथचा स्पीड कमीजास्त करता येतो म्हणतात. खरं का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खरं आहे, आणि इचलकरंजीत ड्राइव्ह जोडून देणारा माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही. सिंगल फेज २३० व्होल्ट आत घेऊन थ्री फेज बाहेर देणारा ड्राइव्ह मिळतो. मात्र तो बाहेर २३० च देतो, ४१५ नाही. आपल्याकडच्या एक-दोन एचपीच्या मोटरी आतून स्टारमध्ये ४१५ साठी बांधलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा या आतल्या वायरी जोडायच्या दोन पद्धती). तीच मोटर डेल्टामध्ये जोडली की २३० वर पूर्ण ताकदीनं चालते. म्हणून मोटर घेताना सहा वायरी बाहेर आहेत का ते बघा. तीनच असतील, तर रिवायंडिंगवाल्याकडून स्टारचा सांधा सोडवून उरलेल्या तीन बाहेर काढून घ्याव्या लागतील. हे न करता जोडलेली मोटर फिरते, पण गाऊज टेकवला की मान टाकते, आणि लोक ड्राइव्हला शिव्या देतात.

ड्राइव्ह आला म्हणून पुली काढू नका. १५ हर्ट्झवर मोटर साधारण ४३० नं फिरते, पण तिची ताकदही त्याच प्रमाणात उतरते आणि तिचा स्वतःचा पंखा मंदावल्यामुळं ती तापते. मोठा वाडगा असेल तर पट्टा खालच्या टप्प्यावर घ्या आणि मोटर जोरात फिरू द्या. एकास तीनच्या पुलीवर हेच १५ हर्ट्झ स्पिंडलला १४४ देतात. चालू-बंद बटण ड्राइव्हच्या कंट्रोलला जोडा. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच टाकू नका, ड्राइव्ह जळतो. उलटा फेरा मिळतो म्हणून हौसेनं फिरवू नका, चकाला अडवणारा स्क्रू नसेल तर चक आटे सोडून अंगावर येतो.

प्रश्न : भावाच्या कारखान्यातला जुना लोखंडाचा लेथ फुकट मिळतोय. त्यावर लाकूड कातलं तर? — एक वाचक, शिरोली

उत्तर : कातता येतं, पण त्यात मजा नाही. वरचा स्पीड लाकडाला कमी पडतो, सॅडल (हत्यार धरून सरकणारा भाग) पोटाशी येतं, हातानं टेकवायला टूल रेस्ट नसतो. शिवाय भुसा बेडवरचं तेल पितो आणि स्लाइडमध्ये त्याची लुगदी होते. फुकट मिळतोय तर त्याच्यावर स्वतःच्या वूड लेथसाठी फेसप्लेट (लाकूड स्क्रूनं बसवायची चकती) आणि ॲडाप्टर कातून घ्या. जुनंच हवं असेल, तर पॅटर्न शॉपमधला लेथ शोधा. पॅटर्न आता सीएनसीवर निघायला लागल्यापासून हे लेथ भंगाराच्या भावात जातात. पाचजणांनी उचलायचे बेड असतात त्यांचे. बेअरिंगऐवजी गनमेटलचे बुश असतील तर ढिले झालेत का तेवढं बघा, बाकी मोटर, पट्टा, ड्राइव्ह सगळं नवं बसतं.

प्रश्न : फ्लॅटमध्ये, बाल्कनीत लेथ ठेवला तर चालेल का? पती म्हणतात चालेल, मला शंका आहे. — एक वाचक भगिनी, ताराबाई पार्क

उत्तर : ताई, शंका बरोबर आहे. आवाज एक वेळ शेजारी सहन करतील, बारीक धूळ तुमच्या स्वयंपाकघरात येणार. शिसवीच्या धुळीनं तर काहींना पुरळ उठतं, शिंका थांबत नाहीत. साहेबांना एन ९५ मास्क घालायला लावा. आणि बाल्कनीत पावसाचं पाणी येत असेल तर जून ते सप्टेंबरात उघडा बिडाचा बेड एका रात्रीत तांबडा होतो. मेणाचा हात मारून झाकून ठेवायची तयारी असेल आणि छोटं टेबलावरचं मशीन असेल, तर भोवरे, पेनं, लाटणी होतील. वाडग्यांसाठी कुणा मित्राची शेड बघायला सांगा.