चोवीस म्हटलं की विली मेज

मागच्या अंकात या पानावर एक साधा प्रश्न टाकला होता: तुमचा आवडता बेसबॉल खेळाडू नाव न घेता फक्त नंबरात सांगा. वाटलं होतं पाच-दहा जण लिहितील, पण ढीगभर मेल आल्या, आणि एकाने तर अख्ख्या मेलमधे फक्त "७" एवढंच लिहिलंय. मला लगेच कळलं, मिकी मँटल. न्यूयॉर्क यांकीजवर जीव असलेल्या माणसाला सात म्हटल्यावर दुसरं काही सुचतच नाही. सगळ्या मेल छापणं शक्य नाही म्हणून ज्यांत प्रश्न होते त्या घेतल्यात.

प्रश्न : अमेरिकेत येऊन तीन वर्षं झाली. ऑफिसमधले जुने लोक बेसबॉलच्या गप्पा मारतात तेव्हा नावं कमी आणि नंबर जास्त ऐकू येतात. नाव, चेहरा सगळं असताना नंबरच का लक्षात राहतो?

कारण बरीच वर्षं स्टँडमधे बसलेल्या माणसाला दिसायचं ते तेवढंच. विचार करा, तुम्ही वरच्या मजल्यावर बसलायत, खाली टोपी घातलेले नऊ जण, सगळ्यांचे कपडे सारखे, ओळखणार कसं? सुरुवातीला तर नंबरही नव्हते. क्लीव्हलँडच्या टीमने १९१६ मधे बाहीवर छोटे आकडे लावून बघितले पण ते काही टिकलं नाही. मग १९२९ मधे यांकीजनी पाठीवर मोठे नंबर लावले आणि ते कसे दिले माहितीये, बॅटिंगला ज्या क्रमाने येणार त्या क्रमाने! बेब रूथ तिसरा यायचा म्हणून ३, त्याच्यामागून लू गेरिग यायचा म्हणून ४. म्हणजे तो आकडा कोणाचा लकी नंबर वगैरे नव्हता, रांगेतली जागा होती नुसती. पुढे रांग बदलली, माणसं बदलली, पण आकडा ज्याच्या पाठीवर होता त्याचाच होऊन बसला.

आणि पाठीवर नाव यायला १९६० उजाडलं, ते शिकागो व्हाइट सॉक्सनी पहिल्यांदा लावलं. म्हणजे मधली तीस वर्षं लोक स्कोअरकार्ड विकत घ्यायचे, पाठीवरचा आकडा बघायचे, कार्डात नाव शोधायचे, आणि दहा-बारा मॅच बघितल्या की कार्ड लागायचंच नाही. यांकीजच्या जर्सीवर तर आजही नाव नाही, फक्त नंबर. मला ते फार आवडतं. तुमच्या ऑफिसातल्या त्या जुन्या लोकांनी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून हे आकडे पाठ केलेत हो, ते कसे विसरतील.

प्रश्न : नंबर रिटायर करतात म्हणजे नक्की काय? आणि हे कोणापासून सुरू झालं?

म्हणजे त्या टीममधे तो नंबर पुन्हा कोणालाही द्यायचा नाही. पहिला मान गेरिगच्या ४ ला. हा माणूस लागोपाठ २१३० मॅच खेळला, एकही चुकवली नाही, आणि मग १९३९ मधे अचानक त्याच्या हातापायातली ताकद जायला लागली. एएलएस नावाचा आजार, ज्याला अमेरिकेत अजून गेरिगचंच नाव लावून ओळखतात. ४ जुलै १९३९ ला यांकी स्टेडियमवर त्याचा सत्कार झाला, तिथे त्याने स्वतःला नशीबवान म्हटलं, आणि दोन वर्षांत तो गेला, वय अवघं ३७. यांकीजमधे ४ नंबर त्याच्याआधी कोणी घातला नव्हता आणि नंतर कोणी घालणार नाही.

यांकीजकडे आता १ ते ९ मधला एकही आकडा शिल्लक नाही, शेवटचा उरलेला २ डेरेक जीटरचा, तो २०१७ मधे रिटायर झाला. ८ तर दोघांसाठी एकदमच केला, बिल डिकी आणि योगी बेरा, दोघंही कॅचर, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या मागे बसून बॉल झेलणारे, आणि बेराला घडवणारा डिकीच.

प्रश्न : एप्रिलमधे मुलासोबत टीव्हीवर मॅच बघत होते, दोन्हीकडच्या सगळ्या खेळाडूंच्या पाठीवर ४२! मुलगा म्हणाला आई टीव्ही बिघडला का? मी काय सांगायचं होतं त्याला?

ताई, तुम्ही बघितलात तो १५ एप्रिल असणार. १९४७ साली याच तारखेला ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून पहिली मॅच खेळला. तोवर कित्येक दशकं मेजर लीगमधे, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधे, काळ्या खेळाडूंना दार बंद होतं, कितीही चांगले असले तरी. त्याने काय काय सोसलं ते मुलाला त्याच्या वयाप्रमाणे सांगा, शिव्या, धमक्या, अंगावर फेकलेले बॉल, पण सांगा नक्की. १९९७ मधे पन्नास वर्षं झाली तेव्हा ४२ हा नंबर सगळ्याच टीमसाठी रिटायर केला. जे आधीपासून घालत होते त्यांना ठेवू दिला, त्यातला शेवटचा यांकीजचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, मारियानो रिव्हेरा, तो २०१३ पर्यंत खेळला. २००७ मधे केन ग्रिफी ज्युनियरने विचारलं की त्या एका दिवसापुरता मी ४२ घालू का, आणि २००९ पासून त्या दिवशी सगळेच घालतात. त्या दिवशी मैदानात कोण कोण आहे हे नंबरवरून ओळखता येत नाही, आणि माझ्या मते त्यातच सगळं आलं.

प्रश्न : माझं उत्तर २१. पिट्सबर्गला शिकायला आलो तेव्हा घरमालकाच्या दिवाणखान्यात एकच फोटो होता, देवाचा असावा असा लावलेला, तो रॉबर्टो क्लेमेंटेचा. त्याच्याबद्दल लिहाल का?

लिहितो ना, याची वाटच बघत होतो. २१ हा माझाही नंबर.

क्लेमेंटे पोर्तो रिकोचा, पिट्सबर्ग पायरेट्सचा राइट फील्डर, म्हणजे मैदानात मागे उजव्या बाजूला उभा राहणारा, तिथून फेकलेला त्याचा बॉल तिसऱ्या बेसवर गोळीसारखा यायचा. २१ का, तर असं सांगतात की त्याने आपल्या पूर्ण नावाची इंग्रजी अक्षरं मोजली, रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर, वॉकर हे आईकडचं आडनाव, आणि ती भरली एकवीस. १९७२ च्या सीझनच्या शेवटी, ३० सप्टेंबरला त्याने ३००० वा हिट मारला, हिट म्हणजे बॉल मारून बेसवर पोचणं. नेहमीच्या सीझनमधला तो त्याचा शेवटचा हिट ठरला. त्या डिसेंबरात निकाराग्वात मोठा भूकंप झाला, याने मदत गोळा केली, ती नीट पोचत नाहीये असं कळल्यावर ३१ डिसेंबरला स्वतः विमानात बसला आणि ते विमान पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. तो सापडलाच नाही. हॉल ऑफ फेमने, म्हणजे थोर खेळाडूंना मान देणाऱ्या बेसबॉलच्या संग्रहालयाने, पाच वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून १९७३ मधेच त्याला घेतलं.

पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कमधे राइट फील्डची भिंत मुद्दाम २१ फूट उंच बांधलीये. मी एकदा त्याच बाजूला बसलो होतो, पुढच्या रांगेत एक आजोबा, अंगात २१ ची जर्सी, इतकी धुतलेली की काळा रंग राखाडी झालेला आणि १ ची खालची शिलाई सुटून तो कोपरा वाऱ्यावर फडफडत होता. मधेमधे ते हात मागे नेऊन तो कोपरा दाबून बसवायचे, सवयीने, मॅचवरून नजर न काढता. मी विचारलं तुम्ही बघितलंय का त्याला खेळताना, तर म्हणाले, ट्वेंटी-वनला? दर रविवारी, बाबांबरोबर. नंतर तासभर बोलले माझ्याशी, त्यात क्लेमेंटे हे नाव एकदाही आलं नाही, फक्त ट्वेंटी-वन असा धावायचा, ट्वेंटी-वन मान अशी झटकायचा, बॅटिंगला येताना. घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. ४२ सारखा २१ पण सगळीकडे रिटायर करा अशी मागणी बऱ्याच वर्षांपासून आहे आणि माझं मत विचाराल तर करायला हवा, आतापर्यंत व्हायला हवा होता.

प्रश्न : २४ नंबर खरा कोणाचा? मी केन ग्रिफी ज्युनियरचा म्हणतो, नवरा... सॉरी, म्हणते! नवरा म्हणतो रिकी हेंडरसनचा. घरात वाद पेटलाय.

दोघांनाही नाराज करतो. विली मेज, जायंट्स टीमचा. तुमच्या ग्रिफीचा २४ सिॲटलने २०१६ मधे रिटायर केला, आणि हेंडरसनने १९९३ मधे टोरोंटोला गेल्यावर हा नंबर मिळवायला सहखेळाडूला २५ हजार डॉलर मोजले, प्रेम दोघांचंही खरंच. पण मेजचा तो फोटो बघा, १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमधला, पोलो ग्राउंड्सवर व्हिक वर्ट्झने बॉल पार मागे मारलाय आणि मेज मैदानाकडे पाठ करून पळतोय, खांद्यावरून बॉल झेलतोय. चेहरा दिसतच नाही त्यात. दिसतात दोन हात, टोपी आणि पाठीवर २४. बेसबॉलमधला सगळ्यात प्रसिद्ध कॅच आणि त्यात माणसाची ओळख फक्त आकडा! सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्सच्या स्टेडियमचा पत्ताच २४ विली मेज प्लाझा असा आहे. २०२४ च्या जूनमधे तो गेला, ९३ वर्षांचा होऊन.

प्रश्न : कॉमेंटेटर "सिक्स-फोर-थ्री डबल प्ले" म्हणतो पण मैदानात ६ नंबरवाला कोणीच नव्हता, हे काय?

ते जर्सीचे नंबर नाहीत, जागांचे आहेत. पिचर १, कॅचर २, मग फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, सेकंड आणि थर्डच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. म्हणजे शॉर्टस्टॉपने बॉल सेकंडला दिला, सेकंडने फर्स्टला, आणि एकाच फटक्यात दोघं आउट, तोच डबल प्ले. एवढंच.

प्रश्न : सगळ्यात विचित्र नंबर कोणता?

१/८. १९५१ मधे सेंट लुइस ब्राउन्सनी एडी गेडेल नावाच्या ३ फूट ७ इंच उंचीच्या माणसाला बॅटिंगला पाठवलं, पाठीवर एक अष्टमांश. चारही बॉल चुकीचे पडले म्हणून वॉक, म्हणजे फुकटात फर्स्ट बेस, मिळाला, आणि तीच त्याची एकमेव बॅटिंग. तेव्हाचा मालक बिल वेक, ज्याने पुढे व्हाइट सॉक्सच्या पाठीवर नावं लावली तोच. आणि कार्लटन फिस्कही आठवतो, बॉस्टनला २७ होता, शिकागोला गेल्यावर आकडे उलटे करून ७२ घेतला, आणि दोन्ही टीमनी दोन्ही रिटायर केले.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी सॉफ्टबॉल टीममधे गेलीये, तिला जपानी स्टार खेळाडू ओहतानीचा १७ हवा होता पण तो आधीच कोणीतरी घेतला आणि हिला मिळाला ४४. दोन दिवस तोंड फुगवून बसलीये. काय सांगू?

तिला वाईट वाटणं अगदी बरोबर आहे, ओहतानीलाही १७ च हवा होता. २०२३ च्या डिसेंबरमधे तो डॉजर्सकडे आला तेव्हा १७ जो केलीकडे होता, केलीने दिला आणि ओहतानीने केलीच्या बायकोला पोर्शे गाडी पाठवली. तेव्हा नंबरसाठी जीव टाकणारी ती एकटी नाही.

पण ४४ म्हणजे हँक आरन आहे हो! त्याने चार वेगवेगळ्या सीझनमधे बरोबर ४४ च होम रन मारले, १९५७, १९६३, १९६६ आणि १९६९. आणि तिला ८ एप्रिल १९७४ चा व्हिडिओ दाखवा, अटलांटाची मॅच, आरन एकूण ७१४ होम रनवर, बेब रूथच्या बरोबरीला. त्या दिवसांत त्याला किती घाणेरडी पत्रं यायची, जिवे मारायच्या धमक्या यायच्या, ते ती मोठी झाल्यावर सांगा. आत्ता फक्त तिला पिचरकडे नीट बघायला सांगा. डॉजर्सचा अल डाउनिंग, त्याच्याही पाठीवर ४४! म्हणजे ४४ ने बॉल टाकला आणि ४४ ने तो भिंतीपलीकडे घालवला, ७१५ वा. मग दोन पोरं मैदानात घुसून त्याच्यासोबत पळतात, आणि होम प्लेटवर त्याची आई गर्दीतून वाट काढत येते आणि त्याला अशी घट्ट मिठी मारते की सोडतच नाही. दोघी मिळून बघा, आणि तिची पहिली मॅच झाली की कशी झाली ते नक्की कळवा, पुढच्या अंकात छापतो.