वाचकांचे प्रश्न : स्कॅन केलेला उतारा सापडत का नाही?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची जुनी कर्जप्रकरणं स्कॅन करून संगणकावर चढवली. सूची एक्सेलमध्ये तयार करून प्रणालीत भरली. आता गावावरून किंवा गट नंबरावरून शोधलं की निम्मी प्रकरणं येतच नाहीत. कागद आत आहेत, याची खात्री आहे.
– सचिव, पतसंस्था, चोपडा तालुका

उत्तर : आधी गट नंबराचा रकाना तपासा. ५/२ असा गट लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. मग तो नंबर ५ फेब्रुवारी किंवा २ मे होऊन बसतो. रकाना नंतर ‘टेक्स्ट’ केला तर मूळ नंबर परत येत नाही, तारखेमागचा भलताच आकडा दिसतो. खाते क्रमांक ००४७ असेल तर पुढची शून्यंही अशीच गळतात. रकाना आधी टेक्स्ट करायचा, मगच भरायचा. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) डबल क्लिक करून उघडू नका, ‘इम्पोर्ट’ करा. नाहीतर दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडेल. बिघडलेले नंबर मात्र स्कॅन बघून हातानेच टाकावे लागतील.

दुसरी खोड अंकांची. मराठी ४५ आणि इंग्रजी 45 संगणकाच्या लेखी वेगळे. सगळीकडे इंग्रजी अंक ठेवा. जुनी यादी युनिकोडपूर्वीच्या (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये टाइप झाली असेल, तर पडद्यावर मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं असतात. कन्व्हर्टरने बदला आणि रफार, जोडाक्षरं, पहिली वेलांटी नजरेखालून घाला. तिथेच घोळ होतो.

गावाचं नाव टाइप करूच देऊ नका, यादीतून निवडायला लावा. आपल्या खानदेशात हे जास्तच गरजेचं. जुन्या कागदावर एदलाबाद असतं, आज ते मुक्ताईनगर. धरणगावचे जुने कागद एरंडोल तालुक्याचे. नंदुरबारच्या १९९८ पूर्वीच्या कागदांवर जिल्हा धुळे. म्हणून दोन रकाने ठेवा : ‘कागदावरचं नाव’ आणि ‘आजचं नाव’. एकाच नावाची दोन-तीन गावं असतील तर २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी गाव संकेतांक जोडा.

गावाचे हे रकाने सोडले तर बाकी पाचच पुरेत : खाते क्रमांक, कर्ज क्रमांक, कागदाचा प्रकार, गट, तारीख. पंधरा ठेवले की कारकून रिकामे सोडतात. तारीख कागदावरची, स्कॅनची नव्हे, वर्ष-महिना-दिवस अशी. एका कर्जाला तीन गटांवर बोजा असेल तर तिन्ही एका खान्यात स्वल्पविराम देऊन कोंबू नका, प्रत्येकाची वेगळी नोंद करा.

प्रश्न : ओसीआर केलं, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं यंत्राकडून वाचून घेतली, तर सूचीची गरज उरते का? – वाचक, शिरपूर

उत्तर : उरते. छापील मराठी मजकूर ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर बऱ्यापैकी वाचला जातो, तरी चुका राहतातच. तलाठ्याच्या हातचा सातबारा, त्यावर ठसठशीत शिक्का, मागच्या पानाची शाई फुटलेली – तिथे यंत्र हात टेकतं. ओसीआरचा मजकूर जोडीला ठेवा. उताऱ्याचा गट आणि खाते क्रमांक मात्र माणसाने वाचून भरायचा. भरून झाल्यावर दर गठ्ठ्यातली दहा प्रकरणं दुसऱ्या माणसाला सूचीवरून शोधायला सांगा. एक जरी सापडलं नाही तरी तो गठ्ठा पुन्हा तपासायचा.