पोटऱ्या, घोटे आणि मान: पॅरा कोर्सच्या तयारीबद्दल वाचकांचे प्रश्न

एनसीसीच्या कॅडेट्सना आग्र्याला पॅराशूट उड्यांचा बेसिक कोर्स करता येतो. त्यासाठी शरीर कसं तयार करायचं, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. त्यातली ही काही.

प्रश्न : गंगावेशीतल्या तालमीत मातीतली कुस्ती करतो. वजन ८२ किलो. रोज ५०० बैठका आणि ३०० दंड होतात. पॅरा कोर्ससाठी आणखी वेगळं काही करावं लागेल का?
— एक कॅडेट, शुक्रवार पेठ

उत्तर : लागेल, आणि तुमच्या बाबतीत आधी एक सवय मोडावी लागेल. पैलवान पडता पडता पोटावर वळतो, नाहीतर मानेवर पूल करतो, म्हणजे डोकं आणि पाय टेकून पाठ उचलून धरतो, कारण पाठ मातीला लागली की चितपट. पॅराशूटनं उतरताना पाठ लागायलाच हवी. आधी चवडे, मग पोटरीची बाजू, मांडीची बाजू, नितंब आणि शेवटी तिरकी पाठ, या क्रमानं अंग जमिनीवर सोडून द्यायचं असतं. गोल छत्रीखाली माणूस सेकंदाला साधारण ५ ते ६ मीटर वेगानं खाली येतो. दीड मीटर उंचीच्या कट्ट्यावरून उडी मारली तर पाय टेकताना एवढाच वेग असतो. वर वारा आडवा ढकलतो तो वेगळाच. हा धक्का एकट्या घोट्यानं घेतला तर घोटा जातो. हात टेकवायला गेलात तर मनगट किंवा गळपट्टीचं हाड. आणि जमिनीकडे टक लावून पाहिलं, की ती अंगावर धावून आल्यासारखी वाटते आणि एक पाय आपोआप पुढे जातो. म्हणून नजर क्षितिजावर ठेवायला शिकवतात.

हे पडणं शिकवायचं काम तिथल्या प्रशिक्षकांचं. मोबाइलवर बघून गच्चीच्या कठड्यावरून उड्या मारायला जाऊ नका; चुकीचं बसलेलं अंग सुधारायला दुप्पट वेळ जातो. तालमीत एवढंच करा : उकिडवं बसा, हनुवटी छातीला, कोपरं अंगाशी, गुडघे आणि घोटे जुळवलेले, आणि कुशीवरून पाठीवर लोळा. प्रत्येक बाजूला १० वेळा. दोन घोट्यांच्या मध्ये रुमाल धरा. रुमाल पडला तर ती लोळण धरायची नाही. बहुतेकांची एक बाजू कच्ची निघते, तिला जास्त वेळ द्या.

बैठकांनी मांड्या झाल्या, पण बैठक दोन्ही पायांवर असते आणि लयीत असते. इथे लागतो तो एका पायाचा ब्रेक. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच तीन सेकंदांत खाली सोडा : गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट, वाकवून १५ चे तीन सेट. दोन्ही हवेत, कारण गुडघा वाकला की पोटरीच्या आतल्या स्नायूवर ताण येतो, आणि लँडिंगला गुडघा वाकलेलाच असतो. मग २० सेंमी पायरीवरून एका पायावर सावकाश उतरणं, आठाचे तीन सेट. डोळे मिटून एका पायावर ३० सेकंद. पाचव्या आठवड्यापासून ३० सेंमी ठोकळ्यावरून दोन्ही पायांवर उतरा, पाचाचे तीन सेट, आठवड्यातून दोनदाच. पायांचा आवाज आला तर उतरणं कच्चं आहे असं समजा. उंची ४५ सेंमीच्या वर नेऊ नका.

मानेवरचा पूल या काळात बंद. छत्री उघडतानाचा झटका हनुवटी आत घेऊन सोसायचा असतो, त्यामुळे मानेची पुढची बाजू तयार हवी. उताणं झोपून हनुवटी आत घ्या, डोकं बोटभर उचला, १० सेकंद, पाच वेळा.

वजनाचं म्हणाल तर जड माणूस थोडा वेगानंच खाली येतो. ८२ चालतील, पण ते ५ किलोमीटर न थांबता पळवता आले पाहिजेत. मातीतल्या पोरांचं हे काम नव्हे, असं कुणी म्हणालंच तर ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलवर छत्र्यांनी उतरलेली २ पॅरा ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, हे त्याला सांगा.

प्रश्न : रोज पहाटे मिलिटरी बूट घालून रंकाळ्याभोवती पळतो. दोन आठवड्यांत नडग्या दुखायला लागल्या. सहन करत राहू का?
— एक कॅडेट, फुलेवाडी

उत्तर : नाही. रोज, डांबरावर आणि बुटात, या तिन्ही गोष्टी एकदम सुरू केल्यात म्हणून हे झालं. नडगीच्या आतल्या कडेवर वीतभर दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर दहा दिवस पळणं सोडून सायकल चालवा. पण एकाच बोटाएवढ्या जागी ठणकत असेल, रात्रीही दुखत असेल किंवा त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून लगेच पळायला लागू नका.

बरं झाल्यावर आठवड्यात तीनच दिवस, मातीच्या मैदानावर, साध्या शूजमध्ये : एक दिवस ४० मिनिटं सावकाश, एक दिवस ४०० मीटरचे सहा वेगवान फेरे आणि मधे दीड मिनिट चालणं, एक दिवस ५ किलोमीटर. बूट आधी नुसते चालायला घाला. बुटातलं पळणं सातव्या आठवड्यापासून, २ किलोमीटरच्या पुढे नाही. पावसाळ्यात जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पळत उतरू नका. तिथे मोडलेला पाय कोर्सला उपयोगी पडत नाही.

प्रश्न : माझं वजन ४८ किलो. पुलअप एकही निघत नाही. मुलींना त्याची गरज असते का?
— एक कॅडेट, कागल

उत्तर : असते. छत्री वळवायला डोक्यावरचे पट्टे छातीपर्यंत ओढून धरावे लागतात. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्या आणि पाच सेकंदांत खाली या. पाचाचे चार सेट, एक दिवसाआड. जोडीला पाठीवर १० किलोची सॅक घेऊन पाऊण तास चाला, कारण मुख्य आणि राखीव छत्री मिळून वीसेक किलो अंगावर असतात आणि ते चढवून बराच वेळ थांबावं लागतं. उड्या मारताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का ते मैत्रिणीला समोरून बघायला सांगा. झुकत असतील तर ठोकळा बंद, आधी एका पायाची पायरी. आणि हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर नुसत्या पळण्यानं दम वाढणार नाही.

प्रश्न : मुलाला रोज कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आणि थंडाई सुरू केली आहे. बरोबर ना?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : दूध तापवून द्या. थंडाई आठवड्यातून एकदा पुरे, त्याला वजन वाढवायचं नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी उजवा घोटा मुरगळला होता. आता दुखत नाही. मेडिकलला सांगावं की गप्प बसावं?
— एक कॅडेट, गडहिंग्लज

उत्तर : सांगा, जुने कागद असतील तर सोबत न्या. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता जास्त असते, आणि लँडिंगला सगळ्यात आधी भार येतो तो तिथेच. घरी एवढं तपासा : भिंतीपासून पायाचा अंगठा १० सेंमीवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? दोन्ही पायांत २ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. रोज दोनदा हाच व्यायाम, तीसेक वेळा, आणि डाव्या पायाएवढ्याच सहज लंगड्या उड्या जमेपर्यंत ठोकळ्यावर चढू नका.