आमवाताची सूज सांध्यात, मग खुब्याचं हाड का ठिसूळ झालं?

तुमच्या आईंना सहा वर्षांपासून आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, कॅल्शियमची गोळी रोज चालू आहे, तरी डेक्सा या हाडाच्या घनतेच्या तपासणीत खुब्याचा टी-स्कोर (तरुण निरोगी हाडाशी तुलनेचा आकडा) उणे 2.7, म्हणजे हाड ठिसूळ असा आला. गोळ्या वाया गेल्या का, असं तुम्ही विचारलंय. वाया गेल्या नाहीत, पण नुसत्या कॅल्शियमने भागण्यातलं हे दुखणं नाही.

हाड आयुष्यभर पोखरलं जातं आणि पुन्हा भरलं जातं. हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी एक खड्डा साधारण दोन-तीन आठवड्यांत पाडतात. तोच भरायला हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना तीन-चार महिने लागतात. मुळातच पोखरणं झटपट आणि बांधणं संथ, त्यात दाह (शरीरातली सूज-जळजळ) भर घालतो.

सुजलेल्या सांध्याच्या अस्तरातून टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 असे दाहाचे निरोप्ये सुटतात. ते सांध्यापुरते राहत नाहीत, रक्तातून सगळ्या सांगाड्यात फिरतात. त्यांच्यामुळे रँकएल नावाचं प्रथिन वाढतं आणि त्या हुकमावर नवे ऑस्टिओक्लास्ट तयार होतात. दुसरीकडे टीएनएफ कच्च्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट होऊ देत नाही. शिवाय डीकेके-1 हे प्रथिन वाढवून हाड बांधायला लावणारा विंट हा संदेशच दाबून टाकतो. म्हणजे खड्डे जास्त आणि भरणारे हात कमी. माल येऊन पडलाय, गवंडीच कामावर नाही. बोटांच्या एक्स-रेमध्ये दिसणारे खड्डेही म्हणूनच सहसा बुजत नाहीत.

दाह सरसकट वाईट असतो असं मात्र नाही. हाड मोडल्यावर पहिल्या काही दिवसांचा दाह जोडणीला लागतोच. घात करतो तो वर्षानुवर्षं धुमसणारा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्यांच्या दाहाच्या आजारात तर उलटाच प्रकार: मणक्यांच्या कडांना नवं हाड वाढतं आणि मणका आतून विरळ होतो. अशा रुग्णाच्या कमरेच्या मणक्यांचा डेक्सा फसवा चांगला येतो, खुब्याचा आकडा बघावा.

आईंच्या औषधांत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आहे का, हे मी आधी विचारेन. ते सूज उतरवतं, पण ऑस्टिओब्लास्ट मारतं, आणि सगळ्यात जास्त हाड पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच जातं. रोज 2.5 मिग्रॅ किंवा जास्त डोस तीन महिने वा अधिक चालणार असेल, तर फ्रॅक्चरचा धोका मोजून घ्यायचा. फ्रॅक्स या मोजणीत आमवाताची वेगळी नोंद असते, ती करायची राहते. स्टिरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल तोवर दबलेलं असतं.

पहिलं काम सूज आटोक्यात आणणं. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध असेल तर आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. सीआरपी (रक्तातला दाहाचा आकडा) चढाच राहत असेल तर औषध बदलण्याबद्दल बोला.

कॅल्शियम जेवण आणि गोळी मिळून दिवसाला 1000 ते 1200 मिग्रॅ पुरे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिग्रॅ असतं. कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यायची, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक असते. ती रोज घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढवून बसलेले लोक असतात.

ॲलेंड्रोनेट ही हाड पोखरणं रोखणारी गोळी 70 मिग्रॅ दिली, तर आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. या अर्ध्या तासात चहा आणि कॅल्शियमही नाही, कारण मग औषध शोषलंच जात नाही. डेनोसुमॅब हे वर सांगितलेल्या रँकएललाच अडवणारं, सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे. त्याची तारीख चुकवू नका: असर उतरला की दबलेले ऑस्टिओक्लास्ट एकदम उसळतात आणि मणके पिचू शकतात. ही दोन्ही औषधं सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या, काढायचा असेल तो आधीच काढा.