मॅडम, हा केलेलं सगळं फाडून टाकतो

डिसेंबर लागला की माझ्याकडे ही तक्रार हमखास येते. शाळेचा मेसेज येतो, ख्रिसमस ट्रीला लावायला घरून कागदाच्या दोन-तीन वस्तू करून आणा, आणि मग फोन सुरू होतात, "मॅडम, हा हाताने काही करतच नाही, केलं तर अर्ध्यातच फाडतो, इतका राग बरा आहे का?" या आठवड्यात तिघींनी विचारलं, म्हणून जुनी एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा दुसरीतला, आपण त्याला छोटू म्हणू. आई सांगत होती, "वर्गात टीचर म्हणतात हात चांगला आहे याचा. घरी बसला की दहा मिनिटांत टराटरा फाडतो आणि मग रडून राहतो. रागावून पाहिलं, मोबाइल बंद केला, चॉकलेट देऊ केलं, काही फरक नाही."

मी आधी त्याचा हातच पाहिला. शर्टाची बटणं, बुटाची लेस, कात्री, सगळं व्यवस्थित. हे तुम्हीही आधी पाहा. मूल डावखुरं असेल तर त्याला डावखुऱ्यांची कात्री आणून द्या, साधी कात्री डाव्या हातात धरली की कापायची रेघ पात्याआड जाते आणि कागद कापला न जाता मधेच दुमडतो, आणि आपण पोराला धांदरट म्हणून मोकळे होतो.

छोटूचं तसं काही नव्हतं. मग तीन-चार भेटी मी त्याच्यासोबत नुसता कागद घेऊन बसले. माझ्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो, जाड कागद, सोनेरी छपाई, झाडाच्या दागिन्यांसाठी एकदम झकास. वाटी ठेवून आठ गोल काढायचे, कापायचे, प्रत्येकाची मधोमध घडी घालायची आणि अर्ध्याला अर्धं पाठीला पाठ लावून चिकटवत जायचं, शेवटच्या दोन पाठी जोडायच्या आधी मधे दोरा घातला की लटकवायला गोळा तयार. त्याचा गोळा एका बाजूने चांगलाच कलला होता. त्याने फाडला नाही, पण उलटा करून आत पेन्सिलीने एक बारीक ठिपका दिला.

"हे काय रे?"

"खूण."

"कशाला?"

"सकाळी बघायला. माझाच आहे का ते."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने खाली बघतच म्हणाला, "घरी सकाळी ठिपका नसतो. आई रात्री नवीन करून ठेवते."

इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ कारण मला फार थोड्या मुलांनी दिलंय. आम्ही सगळे त्याला राग समजत होतो, मीसुद्धा पहिल्या भेटीत तेच लिहून ठेवलं होतं. पण बघा ना, फाडलेली वस्तू कोणी दुरुस्त करू शकत नाही! आपली वस्तू आपलीच ठेवायला त्याच्या हातात तेवढा एकच उपाय उरला होता.

त्याला विचारूनच मी आईला हे सांगितलं. त्या रडायलाच लागल्या, "मला वाटलं त्याला कळत नाही. वेडंवाकडं पाहून वर्गात कोणी हसलं तर, म्हणून करत होते हो." मी त्यांना बोल लावला नाही, यात प्रेमच होतं. पण मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरला मानणारी आहे. १९२०च्या दशकात व्हिएन्नात त्याने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्रं उभी केली, आणि त्याचं म्हणणं मला रोज पटतं, खोड्या करणारं मूल बहुतेकदा धीर खचलेलं मूल असतं. त्याचाच शिष्य ड्रायकर्स सांगायचा की मूल जे स्वतः करू शकतं ते आपण करून देऊ नये. आपण नीट करून दिलं की मुलापर्यंत एवढंच पोचतं, तुझं चालणार नाही.

मग काय करायचं? दोन कागद घ्यायचे, एक त्याचा, एक तुमचा. शेजारी बसून तुम्ही तुमचा दागिना करा, त्याच्या कागदाला हात लावायचा नाही, अडला तर आपल्या कागदावर घडी घालून दाखवा. वीस मिनिटं पुरे. "वा, सुंदर!" म्हणण्यापेक्षा जे दिसलं ते बोला, "ही घडी तू तीनदा उलगडून परत घातलीस." आणि वयाला झेपेल तेच द्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला पट्ट्यांची साखळी, सहा-सात वर्षांच्याला पंख्यासारख्या घड्यांची चांदणी किंवा हा पत्रिकेचा गोळा. चार पट्ट्या एकमेकींत विणून होणारा जर्मन तारा फार देखणा, दीड सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर लांब पट्ट्या लागतात, पण तो नऊ-दहा वर्षांच्या आधी नको. गंमत म्हणजे त्या ताऱ्याला नाव फ्रोबेलचं आहे, १८३७ मध्ये ज्याने बालवाडीची सुरुवात केली आणि लहान मुलांच्या शिक्षणात कागदाच्या घड्या आणल्या तोच हा. आजी म्हणाल्या आपल्याकडे कुठे ख्रिसमस, तर त्यांना आकाशकंदिलाच्या करंज्या चिकटवायला बसवा, हात तेच लागतात.

सोपं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात रात्री अकराला आईंचा फोन, "मॅडम, टेबलावर पडलाय, एकच पाकळी सुटलीये, हात शिवशिवतायत माझे." म्हटलं, लाइट बंद करा आणि झोपा. सकाळी छोटूने सुटलेली पाकळी पाहिली, ठिपका पाहिला, आणि फेविकॉल मागितला. तो कललेला गोळा तसाच शाळेच्या झाडावर लागला, शेजारी आईंचाही एक होता.

जानेवारीत परत फोन आला, संक्रांतीसाठी शाळेत पतंग करून न्यायचाय, काय करू? म्हटलं, पतंगाच्या कागदाचे दोन ताव आणा.